नाव सोडून

चेंबूरला चांदी दम धरत नाही.
रिफायनरीकडून वारा सुटला की
फडक्यात घट्ट बांधलेलं ताम्हनसुद्धा
आठ दिवसांत पिवळं,
गौरी येईपर्यंत तव्यासारखं.

मी रांगोळीने घासायचे.
कधी विभूती, कधी रिठ्याचं पाणी.
चिंच पितळेला. चांदीचं दुखणं वेगळं.

केतकी म्हणाली, मावशी, घासू नकोस,
घासलं की झिजते.
टबात तिने फॉइल अंथरली,
आपण पोळ्या गुंडाळतो तीच,
मूठभर मीठ, खायचा सोडा,
वर पातेलंभर उकळतं पाणी.
फसफसलं. कुजक्या अंड्याचा वास.
रिफायनरी मोरीतच आली की गं!
दोघी हसलो.
तिच्या लग्नाला अकरा दिवस होते
आणि हे सगळं तिच्याबरोबर जायचं होतं,
तिच्या आईचं, रुखवतातलं:
दोन वाट्या, पळी, अत्तरदाणी,
एक पेला.

पेला बाहेर काढला तर पांढराफटक.
इतका स्वच्छ की ओळखू येईना.
केतकीने तो खिडकीशी नेला,
इकडे कलता केला, तिकडे केला.
नाव कुठंय?

भांड्यांच्या दुकानात घालून देतात ना,
तसं ठिपक्याठिपक्यांचं नाव होतं ते.
काळं आत बसलेलं, म्हणून दिसायचं.
पंचवीस वर्षं मी तेवढी जागा सोडून घासत आले.
मानाने म्हणा.
पहिली दोन-तीन वर्षं तर रागानेच.
तरी अंगठ्याला पाठ झालं होतं
त्याचं वळण.

केतकी काही बोलली नाही.
सहा वर्षांची असताना
माझ्या हातचा पहिला घास
गालात धरून बसली होती, गिळत नव्हती,
तशी दिसली.

घरात गॅस. काजळी कुठून आणायची?
मग माझी काजळाची डबी काढली,
बोटाने पेल्यावर चोळलं,
वरचं वरचं फडक्याने टिपून घेतलं.
आधी मृ आला.
मग णा, काना जरा तुटका.
मग लि, मग नी, मग तो स,
कारागिराने घाईत घातलेला:
मृणालिनीस, आईवडिलांकडून.

टबातली फॉइल काळी ठिक्कर पडली होती.
ती चुरगळून टाकली.

बोटाला काजळ उरलं होतं.
पदराला पुसणार होते,
केतकीच्या कानामागे लावलं.
हलू नकोस, म्हटलं.