असरची सावली

पहिल्या नकाशात मी अंगण आठ मीटरचं काढलं होतं.
तुडाने कागद आधी उलटा धरला, मग सुलटा,
"एवढ्या मोठ्या जागेत ऊनच संसार थाटेल," म्हणाली,
"आम्ही कुठे राहायचं?"

झागोराच्या अलीकडे, द्रा नदीच्या कोरड्या पात्राशी
तिचा तुकडा: चार खजूर, एक विहीर.
लियॉनहून मुलाने पैसे धाडलेले,
सोबत निरोप,
सिमेंटच वापरा.
एसीसाठी भिंतीत भोक ठेवा.

दुसऱ्या दिवशी तिने दोन शिड्या उभ्या केल्या,
त्यांना चटया बांधल्या, भिंतीच्या उंचीच्या,
आणि स्टूल घेऊन समोर बसली.
ऊन कलत गेलं. चहा झाला, पुन्हा झाला.
सावली स्टूलच्या पायाशी आली
तेव्हा गावात असरची अजान झाली.
"भिंतीची सावली भिंतीएवढी झाली की असर.
त्या वेळी मला नमाजाची चटई
अंगणात कुठेही अंथरता आली पाहिजे."
मी टेप लावला.
चार मीटर सत्तर.
पाच वर्षं कॉलेजात शिकलो होतो मी.

बासू गवंड्याने माती चोपली, हातभर जाडीची.
सून रकिया नाराज: मातीचं घर म्हणजे गरिबाचं.
शेवटी न्हाणीघराला गुलाबी टाइल्स लावल्या,
त्यावर कोणी काही बोललं नाही.

उन्हाळ्यात सगळी खाली, दाराच्या आत.
थंडीत ऊन तळाशी उतरतच नाही,
उत्तरेच्या वरच्या खोलीत येऊन बसतं,
मग माणसंही चूल-अंथरूण घेऊन वर जातात.
बिल येतं दोन दिव्यांचं आणि फ्रिजचं.

भोक मात्र ठेवलं. मुलाचा शब्द.
तुडाने त्यात पाण्याचा माठ बसवला,
वारा त्याला ओलांडून आत येतो.

ऑगस्टमध्ये मुलगा आला.
भिंतींतून फोनला रेंज मिळेना,
म्हणून गच्चीवर गेला
आणि रात्रभर तिथेच झोपला.

मी शहरात राहतो, तिसऱ्या मजल्यावर, काँक्रीटमध्ये.
असरला पडदा ओढून घेतो.