हातचा

माइकोलो काट्यावर एकटा उभा राहीना.
नर्स म्हणाली, मग घे कडेवर.
सात वर्षांचा घोडा. कालोलाइनेनं उचलला.
काटा थरथरला, थांबला.
आता तू एकटी.
नर्सनं वजाबाकी केली, ओठ मिटून.

मग जुनं कार्ड:
तो पोटात यायच्या आधीचं वजन,
नवव्या महिन्यातलं.
तिचं बोट आकड्यावरून आकड्यावर.
"कधीकधी इथूनच सुरू होतं."

खिडकीबाहेर नुकुआलोफाचं बंदर,
न्यूझीलंडचं जहाज लागलेलं.
मेंढीच्या चरबट बरगड्या,
समोरच्या समुद्रातल्या मासळीहून स्वस्त.
कालोलाइने पोटात होती
तेव्हा तिच्या आईनंही त्याच शिजवल्या.

हातचा कुणाकडून घेतला,
कार्डात तसा रकाना नव्हता.
माइकोलो परत कडेवर चढला.