शेपट्या मोज

ओत्मारला आता फक्त उजेडाची बाजू कळते,
आणि उनित्सा कुठे वळते ते आवाजावरून.
तरी जून लागला की रोज संध्याकाळी
पुलाखालच्या दगडावर येऊन बसतो,
मांडीवर गळांची डबी.
मी पाण्यावरची एक मेफ्लाय उचलते
आणि मनगटावर ठेवते.

पंख?
उभे आहेत, मिटलेले.
ते असतातच. काचेचे की धुराचे?
धुराचे.
म्हणजे अजून एक कात टाकायची आहे तिला.
साप टाकतो, झुरळ टाकतं,
पण पंख फुटल्यावर, उडून झाल्यावर पुन्हा?
त्याचं त्यालाच हसू येतं.

शेपट्या मोज.
दोन.

डबीवरची बोटं थांबतात.
रंग?
पंख निळसर, शाईत पाणी जास्त झाल्यासारखे.
अंग कच्च्या ऑलिव्हचं.
मग दोन नसणार. ह्या महिन्यात, ह्या वेळेला, हा निळा.
डोळ्यांत तेल घालून बघ.

हे मला कोण सांगतंय!
मी मनगट नाकापाशी आणते.
दोन केसांच्या मध्ये एक खुंट,
पेन्सिलीचं टोक मोडावं तसा.
तीन होत्या, मी म्हणते.
होत्या, हे चालतं.

तो चाचपत डबीतली तिसरी रांग गाठतो,
डावीकडून चौथा गळ.
ह्याची मान येरित्साच्या कोंबड्याच्या पिसाची,
जो पोस्टमनला चावायचा.
(पोस्टमन म्हणजे ओत्मारच.
कोंबडा मेला त्या दिवशी
पिसं मागायला सगळ्यात आधी हाच गेला.)

ट्राउट कुठे शेपट्या मोजतो? मी विचारते.
एक मोजायचा. गिरणीच्या खाली,
चौऱ्याहत्तर साली.
अकरा संध्याकाळी मला परत पाठवलं त्याने.
बाराव्या दिवशी?
बाराव्या दिवशी पाऊस.

माझ्या मनगटावर ती तशीच.
तिला तोंड नाही. खाणं झालं ते पाण्याखाली,
दगडाखाली, वर्षभर.
आता उरलीये एक रात्र, फार तर दोन.

चुळुक.

ओत्मारची मान वळते.
वाकड्या वाळुंजाखाली. मोठा आहे.
ऊठ, काठी घे.

पुन्हा चुळुक. वर्तुळ आमच्यापर्यंत येतं,
त्याच्या बुटाला लागतं.

काय झालं? घेतलीस का?

धुराच्या पंखांवर मधोमध
एक बारीक चीर पडते आहे.
मी हात हलवत नाही.