छेदचित्र

चांदरच्या खालच्या अंगाला, खाजनात,
तिसऱ्या चरात आमचा नववा दिवस.
सापडलं काय, तर विशेष काही नाही.
नाणं नाही, मूर्ती नाही, अक्षर तर नाहीच.
एक चूल, तिच्या कुशीला मूठभर जळका भात,
आणि हा बांध.

चराची भिंत तासून झाली की
ती कागदावर उतरवायची, एकास दहा, हे माझं काम.
चिखल, पेंढा. चिखल, पेंढा.
दर वर्षी मिरगाआधी एक थर.
मोजत मोजत वर चढले,
एकेचाळिसाव्यावर पेन्सिल अडली.

इथं चार बोटं राखाडी गाळ.
पेंढा नाही, फावड्याची खूण नाही,
नुसते मेलेले खुबे, नखाएवढे.
वहीत लिहिलं : गाळ. अल्प खंड.

इनास घमेलं ठेवून खाली उतरला.
सत्तरीचा माणूस, गुडघ्याला फडकं बांधलेलं,
भरती-ओहोटी बघून मानशीची दारं
उघडणारा, मिटणारा,
भाऊस होता तोवर.
अंगठ्याचं नख त्यानं गाळात रुतवलं
आणि जिभेला लावलं.
ओरडायला हवं होतं मी, नमुना होता तो.
"खारें," तो म्हणाला,
कालची बातमी सांगावी तसा.

मग बोट ठेवत भिंत वाचत गेला.
बांध इथं फुटला. पुनवेची भरती असणार.
हे पहिलं वर्ष, मीठ. हे दुसरं, मीठच.
तिसऱ्यात लव्हाळ्याची मुळं बघ,
म्हणजे मीठ उतरायला लागलं.
आणि हा पेंढा. परत आली माणसं.
मग थांबला.
"तीन वर्सां तांणीं खालें कितें गो?"

आमच्या तक्त्यात त्याला रकाना नव्हता.
खोली आहे, पोत आहे,
रंगाला तर परदेशी पुस्तकातला क्रमांक आहे.
जळका भात सरांनी डबीत घालून पुण्याला धाडला,
जात कळायला सहा महिने.
इनास म्हणाला, कोरगुट असणार,
दुसरं काय उभं राहतंय इथं?
ते मी लिहून घेतलं, कागदाच्या पाठीवर.

शेवटच्या दिवशी चर बुजवला.
तळाला प्लास्टिक, वर वाळू,
पुढच्या कुणाला कळावं आपण कुठवर गेलो होतो.
चाळलेल्या मातीचा ढीग तेवढा उरला.
"ही तुमकां जाय?"
"नको."
तो सुनेला घेऊन आला, शेजारच्या दोघांना,
आणि कोळंबीच्या तळ्यावरच्या झारखंडी पोराला.

आजचा बांध मानशीपाशी
बैलगाडी जाईल एवढा फुटलाय, पाच वर्षं झाली.
टोपल्या टोपल्यांनी ती माती तिथं गेली.
पेंढा कुठला मिळायला,
म्हणून माडाची झापं,
आणि आमचीच वाळूची रिकामी पोती.

उद्या कुणी इथं खणलं तर घोळ होईल :
जुनी माती वर, नवी खाली, मध्ये पोती,
पोत्यावर कारखान्याचं नाव.
सरांना सांगायला हवं होतं.
मी घमेलं उचललं.

तिन्हीसांजेला भरती आली,
नव्या मातीला टेकली, एका जागी झिरपलीही.
इनासनं तिथं टाच दाबून धरली
आणि विडी मागितली.
कुणी बघत नाही असं पाहून
मी बोटाची माती जिभेला लावली.
मातीच लागली. काही कळलं नाही.