पालथा दगड

तुम्ही नवे आहात, म्हणून विचारता,
दारातून आत येताना ही म्हातारी
तिसऱ्या फरशीला वळसा का घालते.
गुडघ्यांचं दुखणं नव्हे ते.
बसा. आधी मेणबत्ती विझवा, मेण महाग झालंय.

ती फरशी पालथी आहे.

आमच्या कुरणात उभी असायची, पुरुषभर उंच,
माझ्या पणजोबाच्या नावाची.
तो समुद्र ओलांडून पूर्वेच्या नदीवर गेला कातडी विकायला.
बरोबर मेहुणा, दोन गुलाम, एक तराजू.
परत आला तो तराजू.
प्रेतच नाही, तर पुरायचं काय?
पणजीनं दोन गाई दिल्या आणि दगड कोरून घेतला:
वर आठ पायांचा घोडा,
त्याच्यासमोर शिंगातून मद्य पुढे करणारी बाई,
खाली जहाज, चौकड्यांचं शीड,
नाक पूर्वेला.

बोटीवरून बोट फिरवायची मी, लहान असताना.
आजी म्हणे, माणसं मोज.
आठ सापडायची.
नववा आहे, ती म्हणे, शेवाळाखाली.

मग तुमचे लोक आले गॉटलंडला,
पाणी आणि पांढरे सदरे घेऊन.
बाप म्हणाला, पालथ्या घड्यावर पाणी,
आणि हसत हसत डोकं पुढे केलं.
सदऱ्याची वीण चांगली होती.
आईनं मात्र चुलीमागचा लाकडी देव
रात्री पदराखाली धरून नेला, दलदलीत सोडला.
त्यानंतर जन्मभर
देव पाण्यात घालून बसल्यासारखीच बसायची ती,
दाराकडे तोंड करून.
कुणाची वाट, ते सांगितलं नाही.

हे देऊळ बांधायला निघालं तेव्हा सपाट दगड हवे होते.
लिक्नविद गवंडी बैल घेऊन कुरणात आला,
मागोमाग तुमच्या आधीचा हार्डविन,
एक पाय आखूड, आमची भाषा त्याहून आखूड.
घोड्यासमोर बराच वेळ उभा राहिला.
बोटानं मोजलं.
"बोटवी, आठ?"
मी म्हटलं, धावताना तेवढे दिसतात.
हसला. त्याला हसताना प्रथमच पाहिलं.
मग गवंड्याला म्हणाला, पालथा घाल.

मला राग आला असेल, असं वाटतं ना तुम्हाला?
आला होता.
तीन हिवाळे मी बाहेरच उभी राहिले, बर्फात,
आतलं गाणं ऐकत.
चौथ्या वर्षी पाऊस भिंतीला आडवा झोडपत होता,
आणि माझ्या लक्षात आलं,
कुरणातले बाकीचे दगड झिजत चाललेत,
आमचा तेवढा कोरडा आहे.
आत आले. वळसा घातला.
पाहते तर हार्डविनही, लंगडत,
त्याच फरशीला वळसा घालून जात होता.
आम्ही कधी बोललो नाही यावर.

गेल्या उपासाच्या दिवसांत तो वारला.
म्हणून ठेवलं होतं, मला तिथेच ठेवा.
लिक्नविदच्या नातवानं पहारी घालून फरशी उचलली.
खाली ओल्या मातीत
सगळं उमटलेलं.
घोडा, बाई, तिच्या हातातलं शिंग.
जहाज, पण नाक उलट्या बाजूला.
परतीला लागलेलं.
आणि मी मोजले, नऊ.
नववा सुकाणूपाशी होता.
नाक मोठं. आमच्याकडे असतं तसं.

पोरगा थांबला होता, मी मान हलवेपर्यंत.
मग फावडं चाललं.
माती ती माती.

आता खाली हार्डविन आहे आणि त्याच्यावर,
तोंड त्याच्याकडे करून, तो घोडा.
लंगड्या माणसाला आठांतला एक पाय उसना दिला
तर घोड्याचं काही अडायचं नाही.

हे तुमच्या बिशपला कळवायचं असेल तर कळवा.
पण आधी घंटा वाजवा, लोक खोळंबलेत.
दोरी ओली असेल. घट्ट धरा.