नांगर एक, बाकी वीस

भागोजी पांचाळ मुहर्रकच्या धक्क्यावर उतरला तेव्हा
त्याच्याजवळ एक सांडशी होती, दोन हातोडे
आणि एक शब्द, जो त्याला बदलावा लागला नाही.
पालशेतला तो नांगराचे फाळ ठोकायचा.
इथेही लोक नांगरच मागत होते,
फक्त हा मातीत नाही, पाण्यात जायचा.

लोहारांच्या गल्लीत खजुरीच्या झावळ्यांची ओसरी,
भाता बोकडाच्या कातड्याचा,
ऐरण कुणाची तरी जुनी, एका कडेने फुटकी.
विहिरीचं पाणी मचूळ.
खाऱ्या पाण्यात पोलाद तडकतं, असं तो म्हणे.
(खरं की खोटं, बाबांनाही ठाऊक नाही.)
म्हणून पाणबुड्यांकडून तो विकत घ्यायचा
समुद्राच्या तळातल्या झऱ्याचं गोड पाणी,
बुडी मारून पखालीत भरून वर आणलेलं.
त्यातलं लोखंडाला पाजायचा, उरलेलं स्वतः प्यायचा.
लोखंडाला आधी.

मग तेल आलं. म्हणजे ते होतंच,
आमच्याकडे उशिरा पोचलं.
बाबांनी बटाल्याहून लेथ मागवली,
भागोजीने तिला महिनाभर हात लावला नाही,
नंतर एका दुपारी कुणी नसताना
तिच्यावर स्वतःच्या हातोड्याचा दांडा कातून घेतला.

पाटीवर नाव खलफ यांचं. कायदाच तसा:
एक्कावन्न त्यांचे, एकोणपन्नास आमचे.
अरबीत प नाही. आम्ही आधी बांचाळ झालो,
मग नुसते हद्दाद. हद्दाद म्हणजे लोहार,
तेव्हा तक्रार तरी काय करायची?
युद्धाच्या वर्षी, धुराने आभाळ काळं पडलं तेव्हा
खलफ यांनी भाडं मागितलं नाही.
पुढच्या वर्षी दुप्पट मागितलं.
दर ईदेला हलव्याचा डबा मात्र चुकला नाही.

मी हिशेब बघते.
सलमाबादला शेड, दोन सीएनसी, अठरा माणसं,
त्यांत लोहार एकही नाही.

परवा भंगारवाल्या रियाझचा फोन:
भर घातलेल्या जमिनीत एका टॉवरचा पाया खणताना
काहीतरी निघालंय, येऊन बघा.
चार आकड्यांचा नांगर. शिंपल्यांनी गिळलेला.
दांड्यावर खरवडलं तर तीन ठिपके, खाली एक रेघ.
भागोजीला सही येत नव्हती. हीच त्याची सही.
जिथे समुद्र होता तिथे आता पार्किंगचा दुसरा मजला, खालून.
म्हणजे नांगर शेवटी मातीतच गेला होता.
सदतीस किलो. रियाझने भंगाराच्या भावाने दिला,
वरचे दोनशे ग्रॅम सोडले.

रात्री जुनी वही काढली.
भागोजीने सांगायचं, बाजूच्या गुजराती मुनीमाने लिहायचं.
त्याच्या मोडक्या मराठीत पान बेचाळीस:
जासिम नाखवा, नांगर एक, रुपये वीस, बाकी.
पुढे काही नाही. गलबत परतलं नसावं,
किंवा नाखवा. किंवा नांगर दिला तोच दोर तुटला.
बाबा म्हणाले, आबा त्याचं नाव काढत नसत,
पण वहीतून ते पान फाडूही देत नसत.

सकाळी बाबांना शेडवर नेलं.
त्यांनी बोटाच्या पेराने एका टोकावर टकटक केली,
कान लावला, पुन्हा केली.
“पाणी बसलंय,” म्हणाले, आणि चहा मागितला.

कॉम्प्युटरवर बिल चढवताना मी अडले.
खरेदी? भंगार? जुनी उधारी वसूल?
शेवटी वहीच उघडली, त्याच ओळीत,
निळ्या बॉलपेनने लिहिलं: माल परत.
वीस रुपये काट मारले नाहीत.

नांगर आता ऑफिसच्या दारात आहे.
पोरं त्याच्या आकड्यांना हेल्मेटं अडकवतात.
चार अडकतात. चौदा खाली, फरशीवर.