चमचाभर

ग्डिनियात, चौथ्या मजल्यावर,
बोटीवरचा जुना आचारी बोलेस्वाव
दर रविवारी माशांच्या टाकीत मीठ घालायचा.
आळणी पाण्यात कोण जगेल, म्हणायचा.

दुकानातली हालिना म्हणाली, आजोबा,
पाणी उडून जातं, मीठ जात नाही.
आणि तुमच्या त्या मिशाळ माशाला तर खवलंही नाहीत.

घरी येऊन त्याने बोट बुडवून चाखलं:
बाल्टिकहून जरासंच कमी.

मिशाळ वाळूत तोंड खुपसून निपचित.
अकरा वर्षं हू की चू नाही.
खाल्ल्या मिठाला जागत होता,
की नुसताच सोसत होता?

आता रोज एक मग उपसायचा,
एक मग नळाचं घालायचं. घाई नाही.

रविवारी हात डब्याकडे गेलाच.
मग बटाट्यांत
दोन चमचे पडले.